सतरा नंबरची बरणी

“आज तरी मरेल का गं तो?”

सासूबाईंनी हे बशीतला चहा फुंकता फुंकता विचारलं. आज नळाला पाणी येईल का, असं विचारावं तितक्या सहज. आठ वर्षं रोज सकाळी त्या हेच विचारत आल्या होत्या. एखाद्या दिवशी देवाचं नाव घ्यायला विसरत, पण साहेबाची आठवण कधी चुकली नाही.

“मरायला कशाला हवा, आई?” कंगवाबाई पिशवीची चेन ओढत म्हणाली. “मेला की सुटला. जिवंत राहून तोंड लपवत फिरू दे.”

“तुला आहे वेळ तेवढा. मला ब्याऐंशी पूर्ण झाली.”

“म्हणून तर आज उरकून टाकते.”

सासूबाईंनी बशी खाली ठेवली. “आज?”

“दहा वर्षं झाली ना, आई. आज बरण्या उघडणार.”

दाराच्या मागे एक गिरमिट उभं होतं. सुतार लाकडाला भोक पाडतात तसलंच, पण मातीसाठीचं, माणसाच्या छातीएवढं उंच. पाच वर्षांत ते कुणी जागचं हलवलं नव्हतं. सासूबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा सुनेकडे पाहिलं.

“केस तरी नीट विंचर मग,” त्या म्हणाल्या. “वैऱ्याच्या दारात असल्या अवतारानं जातात का?”

“या कंगव्यानं नाही हं विंचरत. हा मातीचा आहे.”

“लोकांच्या सुना सोनं जपतात. माझी कंगवा जपते.”

हे मात्र खरं होतं. लॅबमध्ये सगळे तिला कंगवाबाईच म्हणत, आणि पगाराच्या चिठ्ठीवरचं नाव वाचून नवीन माणसं विचारत, या कोण?

लॅब होती नदीच्या अलीकडच्या काठावर. अलीकडे एक देश, पलीकडे दुसरा, मध्ये पूल. पिकाचा उरलेला पाला जाळायचा नाही, जमीन उघडी टाकायची नाही, नांगर खोल घालायचा नाही, असं केलं की हवेतला कर्ब मातीत मुरतो. तर दोन्ही काठांवरच्या शेतांनी तसं करायचं आणि किती मुरला ते दरवर्षी मिळून मोजायचं, असा दोन्ही सरकारांचा करार होता. धूर काही पुलावर पास दाखवून जात नाही, एवढी गोष्ट दोघांना एकाच वेळी सुचली, हेच नवल.

मोजणं मात्र हातानंच सुरू व्हायचं. शेतातल्या खुणेवर फूटभर खोल खोदून आणलेली माती वाळवायची, चाळायची, चिमट्यानं तिच्यातली मुळं वेचायची. कारण मुळाचा एक केस जरी मातीबरोबर दळला गेला, तरी यंत्र त्याला मातीतलाच कर्ब समजतं आणि आकडा फुगतो. मोठी मुळं चिमट्याला सापडतात. बारीक, केसासारखी, डोळ्यांना दिसतही नाहीत. ती कशी काढायची, हे कुणालाच माहीत नव्हतं. पहिल्या मोजणीच्या आधीच्या एका कोरड्या थंडीत कंगवाबाईनं जेवणाच्या सुट्टीत केस विंचरून कंगवा ताटलीजवळ ठेवला, आणि मातीतली मुळं टणाटण उड्या मारून त्याला चिकटली. तिला इतकं हसू आलं की तिनं हाक मारून नव्या साहेबांना दाखवलं. साहेब तेव्हा नवीन, तरुण, वहीत सगळं टिपून घेणारे. त्यांनी तेही टिपून घेतलं. पुढच्या वर्षी दोन्ही देशांच्या मिळून निघालेल्या पुस्तिकेत ‘घर्षणविद्युत मूळनिष्कासन पद्धत’ छापून आली, साहेबांच्या नावानं. नाव एवढं लांब की त्यात कंगवा कुठे दिसेना.

त्याचं तिला फार वाटलं नव्हतं. कंगवा काय, दुकानात मिळतो. वैर त्याचं नव्हतं.

वैर होतं तिच्या नवऱ्याचं. तो खोदणारा होता. दाराआडचं ते गिरमिट खांद्यावर टाकून तो दोन्ही काठांवरची शेतं फिरायचा. त्याच्याकडे पूल ओलांडायचा पास होता आणि त्या पासचा त्याला पोराला शाळेच्या बक्षिसाचा असावा तसा अभिमान होता. पहिल्या वर्षी सतरा नंबरच्या शेताचा आकडा अपेक्षेच्या दीडपट आला. दुसऱ्या वर्षी धाडकन उतरला. शेतकरीण बाई लॅबच्या दारात येऊन ओरडली, ‘मी काही जाळलं नाही, मी काही नांगरलं नाही, तुमचंच काहीतरी चुकलंय.’ चौकशी बसली. दळलेल्या मातीचा अर्धा भाग पलीकडे जात असे. त्यांच्या यंत्रानंही पहिल्या वर्षी तोच आकडा दिला होता. म्हणजे यंत्र बरोबर. मग चुकलं कुठे? साहेबांनी दोन्ही देशांच्या सामायिक नोंदवहीत लाल शाईनं लिहिलं : ‘खोदकामगाराची चूक. नमुना खुणेबाहेरून घेतला.’

पास काढून घेतला. कामही गेलं. ‘मी खुणेवरच खोदलं,’ एवढंच तो म्हणत राहिला, आधी लॅबमध्ये, मग घरी, मग नुसताच छताकडे बघून. तीन वर्षांनी तेही म्हणायचा थांबला.

तो खुणेवरच खोदणारा होता. घरात खिळा ठोकायचा झाला तरी तो भिंत दोनदा मोजायचा. म्हणून चौकशीनंतर कंगवाबाईनं दिवस मोजायला घेतले. सतरा नंबरच्या पिशव्या आल्या त्या आठवड्यात ती लॅबमध्ये नव्हती. सासूबाई मोरीत पडून मांडीचं हाड मोडून बसल्या होत्या आणि ती दवाखान्यात त्यांच्या उशाशी होती. त्या आठवड्यात मातीची तयारी साहेबांनी स्वतः केली होती. शुक्रवारी आकडे पलीकडे पोचायचे होते, पहिला समारंभ होता, घाई होती. सतरा नंबर म्हणजे आदल्या वर्षापर्यंत नुसतं गवताचं रान. मुळांचं जाळंच. आणि साहेबांनी कंगवा फिरवलाच नव्हता. मुळांसकट दळून मोकळे झाले होते.

हे तिला कसं कळलं? बरणीनं सांगितलं. मुळं काढून झाली की, दळायच्या आधी, प्रत्येक नमुन्याची एक वाटी माती काचेच्या बरणीत भरून तळघरात ठेवत. बरणीला दोन्ही देशांचं लाखेचं सील. दर दहा वर्षांनी दोघांनी समोरासमोर बसूनच ते तोडायचं, बघून पुन्हा लावायचं, मधे नाही. ‘बरणी बघा ना, साहेब,’ तिचा नवरा चौकशीत म्हणाला होता. साहेब म्हणाले होते, ‘नियम म्हणजे नियम.’

बरण्या पुसायचं काम कंगवाबाईकडे. दर सोमवारी ती सतरा नंबरची बरणी फडक्यानं पुसायची, आणि काचेला आतून चिकटलेले पांढुरके केस तिच्याकडे बघायचे. आठ वर्षांचे सोमवार. माणसं कुंडीतलं रोप वाढवतात, तसा तिनं हा राग वाढवला होता, वेळच्या वेळी पुसून, उन्हापासून जपून.

उघडायच्या दहा बरण्यांपैकी पाच साहेब निवडणार, पाच पलीकडचे. साहेब सतरा नंबर निवडणार नाहीत, हे उघडच होतं. म्हणून तीन महिन्यांपूर्वी पलीकडे जाणाऱ्या मातीच्या पाकिटात तिनं एक चिठ्ठी टाकली होती. पलीकडच्या लॅबमध्ये पाकिटं उघडणारी एक बाई होती. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं, कारण बैठकांना साहेब लोक जात. पण पाकिटांतून दहा वर्षं चिठ्ठ्या जायच्या. ‘ताई, या पिशवीत एक बी निघालं, फेकवेना, पाठवते.’ ‘ताई, बी उगवलं.’ असल्या.

या वेळी तिनं दोनच शब्द लिहिले. ‘सतरा मागा.’

उत्तर आलं नाही. पुढच्या पाकिटात मातीबरोबर एक कोरा करकरीत काळा कंगवा आला. तोच आज तिच्या पिशवीत होता.

*

लॅबमध्ये साहेब फुलदाणी या टेबलावरून त्या टेबलावर ठेवत होते. शिपाईकाका त्यांच्या मागे फडकं घेऊन फिरत होते.

“बाई, आलात? बरं झालं. ताटल्या पांढऱ्याच घ्या, टवका उडालेल्या नकोत. आणि तुम्ही समोर नाही बसलात तरी चालेल हं, उगाच दगदग नको.” साहेबांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. हा माणूस आठ वर्षांत तिला एकदाही वेडंवाकडं बोललेला नव्हता. नवरा गेला तेव्हा फळांची करंडी घेऊन घरी आला होता. सासूबाईंनी ती करंडी त्याच्यादेखत जिन्यातून खाली सोडली, तर वाकून एकेक फळ गोळा करून पायरीवर नीट मांडून गेला. असल्या माणसाचा राग करायला जास्त मेहनत पडते. ती मेहनत कंगवाबाईनं केली होती.

“दगदग कसली, साहेब,” ती म्हणाली. “बसते की मी. कंगवा कोण देणार तुम्हाला?”

“पुढच्या महिन्यापासून साहेब पलीकडे संयुक्त केंद्राचे प्रमुख,” शिपाईकाका तिच्या कानाशी कुजबुजले. “आजचं सुरळीत झालं की कागद निघतोय म्हणे. पेढा मागून घेऊ.”

“मागा ना. मी पण काहीतरी मागणारच आहे.”

शिपाईकाकांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि फडकं जरा जास्तच जोरात झटकलं. ते दारावर उभे असतानाच तिच्या नवऱ्याचा पास काढून घेतला होता. आणि तोही त्यांच्याच हातांनी काढायला लावला होता.

अकराला पलीकडून दोघं आले. एक म्हातारे अधिकारी, दोन चष्मे बाळगणारे, एक वाचायचा आणि एक बघायचा. आणि त्यांच्या मागे एक ठेंगणी, पिकल्या केसांची बाई, काखेत जाडजूड फाईल. तिनं खोलीभर नजर फिरवली आणि कंगवाबाईच्या हातांवर थांबवली. नखांत माती असलेली खोलीत एकटी तीच होती.

“बी उगवलं होतं त्याचं झाड झालंय, ताई,” ती म्हणाली. “माझ्या डोक्याच्या वर गेलंय.”

“बसा ना, ताई,” कंगवाबाई म्हणाली. एवढंच तिला सुचलं. हिचा आवाज आपण दहा वर्षं चुकीचा धरून चाललो होतो, असं तिच्या मनात आलं. चिठ्ठ्यांत तो जाड वाटायचा.

साहेबांच्या पाच बरण्या झाल्या. पाचही लख्ख निघाल्या. कंगवा फिरवला, एखादं मूळ येतंय न येतंय. म्हातारे अधिकारी मान डोलावत होते. मग पलीकडच्या ताईंनी फाईल उघडली आणि अगदी सपाट आवाजात वाचलं :

“पहिलं वर्ष. शेत क्रमांक सतरा.”

साहेब हसले. “ते वादग्रस्त शेत आहे. त्याची चौकशी झालेली आहे. त्याऐवजी अठरा घेऊ या का?”

“मी सगळा करार वाचला काल, साहेब,” ताई म्हणाल्या. “वादग्रस्त असा शब्द त्यात कुठेच नाही.”

“घ्या घ्या, सतरा घ्या,” म्हातारे चष्मा बदलत म्हणाले. “सतरा काय नि अठरा काय. माझी गाडी चारला आहे.”

कंगवाबाई तळघरात गेली. बरणी तिला शोधावी लागली नाही. जिना चढताना तिनं ती पोटाशी धरली होती, आणि तिच्या लक्षात आलं की आपण पायऱ्या मोजतोय. तोही मोजायचा.

सील तुटलं. माती पांढऱ्या ताटलीवर पसरली. एवढीशी वाटीभर, करडी, दहा वर्षांपूर्वीची.

“तुम्हीच दाखवा, साहेब,” ती म्हणाली आणि नवा काळा कंगवा पुढे केला. “पद्धत तुमची आहे.”

“तुम्ही करता तसं छान मला नाही जमत, बाई.”

“अरे, असं कसं?” म्हातारे म्हणाले. “पुस्तिकेत तुमचा हात आहे की चित्रात. करा, करा.”

साहेबांनी कंगवा घेतला. बाहीवर घासला. ताटलीवर धरला तो चांगला वीतभर वर. काहीच हललं नाही.

“बघा. स्वच्छ आहे,” साहेब म्हणाले.

“खाली, साहेब,” कंगवाबाई म्हणाली. “बोटभर अंतर ठेवा. चित्रात आहे तसं.”

कंगवा खाली येऊ लागला. आधी एक केस उभा राहिला, माणूस हाक ऐकून मान वर करतो तसा. मग चार. मग सगळी ताटलीच शहारली, आणि मुळं उड्या मारमारून कंगव्याला लोंबकळू लागली. दाते दिसेनात. साहेबांनी हात मागे घेतला तरी ती हवेतून त्यांच्यामागे येतच राहिली, बाहीवर, मनगटावर.

“आई शप्पथ,” शिपाईकाका म्हणाले, “कंगव्याला दाढी आली.”

म्हातारे बघायचा चष्मा लावून खूप वेळ बघत राहिले. “म्हणजे आकडा फुगला तो यामुळे. माती खुणेवरचीच होती. खोदणाऱ्याची चूक नव्हती.”

हे वाक्य. हेच वाक्य तिला आठ वर्षं हवं होतं, आणि ते इतक्या साध्या आवाजात आलं की ती ते पुरतं ऐकूही शकली नाही. पण तिची पुढची तयारी पाठ होती. आता कुणीतरी विचारणार, मग तयारी कुणी केली? आणि ती साहेबांकडे वळून म्हणणार, सांगा साहेब, त्या आठवड्यात मी कुठे होते?

“मग तयारी कुणी केली?” म्हाताऱ्यांनी विचारलं.

साहेबांचा चेहरा ओल्या राखेसारखा झाला होता. क्षणभर वाटलं, ते बोलतील. त्यांनी तोंड उघडलंही. मग त्यांची नजर कपाटाकडे गेली आणि तिथेच राहिली. “नोंदवहीत बघावं लागेल,” ते हळू म्हणाले.

नोंदवही आली. पान उघडलं. ‘तयारी करणाऱ्याची सही’ या रकान्यात, सतरा नंबरच्या समोर, एक सही होती. शेवटच्या अक्षराला शेपटी असलेली.

ती सही कंगवाबाईची होती.

तिला दवाखान्याचा व्हरांडा आठवला. औषधांचा वास. सासूबाई आत कण्हतायत. साहेब आले, हातात फळं, काखेत वही. ‘बाई, त्रास देतो. आठवड्याच्या सह्या राहिल्यात, रकाने रिकामे दिसले तर वरून मला बोलणी बसतील.’ तिनं गुडघ्यावर वही ठेवून सोमवार ते शनिवार सहा सह्या केल्या होत्या, खाली खाली, न बघता. वर साहेबांना म्हणाली होती, ‘बरे आलात हो भेटायला.’ फळं तिला दहा वर्षं आठवत होती. सह्या नव्हत्या आठवत.

खोलीत सगळे तिच्याकडे बघत होते. साहेब सोडून.

“ही सही तुमची?” म्हातारे अडखळत म्हणाले. त्यांनाही ते विचारताना बरं वाटत नसावं. “नाहीतर तसं सांगा. पण ऐका, बाई. सही एकाची आणि काम दुसऱ्याचं असं निघालं, तर करारात स्पष्ट आहे. ही वही आज बंद व्हायची आहे. एक सही खोटी निघाली, तर पहिल्या वर्षाची सगळी वही रद्द. दोन्ही काठांची सगळी शेतं. दहा वर्षं मग आपण कशापासून मोजली, असं होतं.”

पलीकडच्या ताईंनी फाईलवर हात ठेवला. हात तिथेच राहू दिला.

कंगवाबाईनं वही आपल्याकडे ओढली. पानं उलटली. प्रत्येक ओळीत एक खड्डा होता. शेत क्रमांक, खूण, खोली एक फूट, आणि कडेला नवऱ्याचं अक्षर, मोठं, गोल, शाळा मध्येच सुटलेल्या माणसाचं. पावसात खोदलेले, ताप अंगावर काढून खोदलेले. पलीकडच्या काठावर पहिल्यांदा खोदलं त्या ओळीपुढे त्यानं उगाचच एक टिंब जास्त दिलं होतं. साहेबांना बुडवायचं तर या वहीसकट बुडवावं लागणार होतं. आणि वहीत साहेब एका आठवड्याचे होते. बाकी सगळा तोच होता.

तिनं वही परत सरकवली.

“सही माझी आहे,” ती म्हणाली. “लिहा. तयारी करणाऱ्या बाईची चूक.”

“बाई…” साहेब म्हणाले.

“तुम्ही नका बोलू, साहेब. तुम्ही लिहा.” तिचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला, पण वाईट वाटला नाही. “दुरुस्ती प्रमुखानं लिहायची असते ना? आधी ती लाल ओळ खोडा. तुमच्या हातानं. आणि मोठ्यानं वाचत लिहा, सगळ्यांना कळायला हवं.”

साहेबांनी पेन काढलं. लाल ओळीवर रेघ ओढली. “खोदकामगाराची…” त्यांनी खाली नवी ओळ सुरू केली. “खोदकामगाराची चूक नाही. नमुना खुणेवरूनच घेतला.”

“शिपाईकाका, आलं का ऐकू?”

शिपाईकाकांचे कान असे की रस्त्यापलीकडच्या चहावाल्यानं कप ठेवला तरी यांना कळे. ते कानामागे हात लावून पुढे आले. “नाही बुवा. म्हातारा झालो. परत एकदा व्हावं, साहेब.”

साहेबांनी परत वाचलं.

“खुणेवरून की खुणेबाहेरून?” शिपाईकाकांनी विचारलं. “नाही, माझा गोंधळ झाला.”

“खुणेवरून,” साहेब म्हणाले. तिसऱ्यांदा.

दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या. म्हातारे चष्मे पेटीत घालायला लागले. कंगवाबाईनं कंगवा रुमालात पुसला आणि ताटलीतली माती कागदाच्या पन्हळीनं बरणीत परत भरायला घेतली. तेवढ्यात पलीकडच्या ताई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या फाईलमधून एक जुनं रिकामं पाकीट बाहेर आलं, दहा वर्षांपूर्वी दळलेली माती ज्यातून पलीकडे गेली होती, ते. वर तारीख, शेत क्रमांक सतरा, आणि खाली : ‘तयारी – मी स्वतः केली आहे, घाईबद्दल क्षमस्व.’ साहेबांचं अक्षर, साहेबांची सही.

“मी कुठलंच पाकीट फेकत नाही, ताई,” त्या हळूच म्हणाल्या. “वही वाचवलीत म्हणून मघाशी काढलं नाही. आता तुमचं तुम्ही ठरवा.”

कंगवाबाईनं ते वाचलं. साहेब समोरच उभे होते, हातात सीलचा शिक्का घेऊन, लाख गरम व्हायची वाट बघत. त्यांनी पाकीट ओळखलं. स्वतःचं अक्षर कोण विसरतं?

तिनं पाकिटाची घडी घातली नाही. अक्षर बाहेरच्या बाजूला येईल असं काचेला लावून ते बरणीत उभं केलं आणि मागे माती भरली. दाबून भरली. झाकण लावलं. काचेतून ‘मी स्वतः’ एवढं अगदी सुवाच्य दिसत होतं.

“सील करा, साहेब.”

“बाई, हे आत…”

“बरणीत चिठ्ठी असतेच ना. नमुन्याची ओळख.”

“चला, चला,” म्हातारे दारातून म्हणाले. “लाख थंड होतेय.”

पलीकडचा शिक्का बसला. मग साहेबांनी आपला उचलला. लाखेचा एक थेंब टेबलावर सांडला. शिक्का बसला, जरासा तिरका.

“आता दहा वर्षांनी,” कंगवाबाई म्हणाली. “तोवर वही बंद झालेली असेल, शेतांना काही धक्का नाही. मी तेव्हा नोकरीत नसेन. असेन की नाही तेही माहीत नाही. तुम्ही मात्र असाल, साहेब. प्रमुख. निवृत्तीच्या आदल्या वर्षी.”

“मधे… मधे कधी काढता येईल का ते? मी लिहून देतो, काय हवं ते.”

“मला पण वाटायचं, मधे उघडता येईल.” तिनं बरणी पोटाशी घेतली. “नियम म्हणजे नियम.”

तळघरात ठेवताना तिनं ती नेहमीच्या जागी ठेवली नाही. जिन्यातून उतरल्या उतरल्या दिसेल अशा फळीवर ठेवली, पाकीट पुढच्या बाजूला करून. फडक्यानं एकदा पुसली.

*

“मेला का?” दार उघडायच्या आतच सासूबाईंनी विचारलं. उन्हं अजून खिडकीत होती. त्या दिवसभर त्याच खुर्चीत बसल्या असाव्यात. सकाळची बशी तिथेच होती.

“नाही, आई.”

“मग?”

“लाल ओळ खोडली. त्याच्याच हातानं. तीनदा वाचायला लावलं.”

सासूबाईंनी सकाळची बशी जरा बाजूला सरकवली. मग म्हणाल्या, “ती ओळ खोडली, तर चूक कुणाच्या नावावर घातली?”

“घातली कुणाच्या तरी.”

“त्याच्या नाही ना? माझ्या पोराच्या?”

“नाही.”

“मग असू दे कुणाच्याही.” त्यांनी सुनेच्या तोंडाकडे नीट पाहिलं. म्हाताऱ्या माणसांना डोळ्यांनी कमी दिसतं असं म्हणतात, ते काही खरं नाही. “मी मोरीत पडले नसते, तर तू तिथे असतीस,” त्या म्हणाल्या. आठ वर्षांत पहिल्यांदाच म्हणाल्या.

“मोरी निसरडी होती, आई. माझीच धुवायची राहिली होती.”

कंगवाबाईनं पिशवीतून रुमाल काढला, उलगडला आणि त्यातलं जे होतं ते सासूबाईंच्या तळव्यावर ठेवलं. बोटाच्या पेराएवढा पांढुरका गुंता, कोळ्याच्या जाळ्यापेक्षा थोडा जाड. वजन काहीच नव्हतं.

“हे काय गं?”

“गवताची मुळं. त्यांनी खोदून काढलेली. बरोबर खुणेवरून.”

सासूबाईंनी तळवा डोळ्यांजवळ नेला. फुंकर लागेल म्हणून श्वास धरला. मग मूठ मिटली.

कंगवाबाई उठून आत गेली, चहा टाकला, कप घेऊन बाहेर आली. सासूबाईंनी कप डाव्या हातानं घेतला. डाव्या हाताला सवय नव्हती, चहा बशीत सांडला. तरी उजवी मूठ त्यांनी उघडली नाही.